मांडवाला लावलेले टेकू

शेवटचा टेकू निघाला, फळी ओढली, अन् गोरक्ष मिस्त्री मान वर करून बघतच राहिला. ओसरीच्या नव्या स्लॅबला मधोमध पोट सुटलं होतं. त्या पोटाला आडवी चीर गेली होती, नख आत शिरेल एवढी.

"आरं, स्लॅब हाय का गाभन म्हशीचं पोट?" घरमालक भिमाजीनानांचा आवाज चढला. "काय करून ठेवलं हे?"

शेजारचा मल्हारी फिदीफिदी हसला. हसता हसता त्याचं तोंड उतरलं. सोमवारी त्याच्या घराचा स्लॅबही गोरक्षच टाकणार होता.

गोरक्षनं सळईच्या तुकड्यानं चिरेच्या दोन्ही अंगांना ठोकून पाहिलं. पाण्याची नळी लावून पातळी पाहिली. मग डोक्याचा रुमाल सोडून हातात घेतला.

"नाना, माल म्याच कालवला. पानी जास्त पडलं आसंल. माझाच हात चुकला."

दारात दीपमाला उभी होती. नानांची सून. कडेवर सई, तोंडात आईच्या पदराचं टोक घालून. गोरक्षचं बोलणं तिनं ऐकलं.

हात त्याचा चुकला नव्हता.

स्लॅब टाकून चारदोन दिवस झाले असतील, तेव्हा भरदुपारी तो वारा सुटला होता. नाना लेकीकडं मालेगावला गेलेले, नवरा दिनेश ओझरला कारखान्यात. वाऱ्यानं द्राक्षाच्या मांडवाचा एक खांब वाकवला, तारा ढिल्या पडल्या, अन् घडांनी लगडलेली ओळच्या ओळ जमिनीकडं झुकायला लागली. वर्षाची कमाई डोळ्यांदेखत मातीला टेकत होती. दीपमालानं इकडंतिकडं पाहिलं. बांबू सगळे टोमॅटोला लागलेले. आधाराला उभं लाकूड म्हणावं तर ते ओसरीतच होतं, स्लॅबखाली. तिनं सासूच्या, रंगूबाईंच्या मांडीवर सईला टाकलं, दगडानं पाचरा ठोकून काढल्या अन् मधले टेकू एकेक करून खांद्यावरून बागेत नेले. वरचं सिमेंट तर दगडासारखं लागत होतं हाताला. एका रात्रीनं काय होतंय, असं तिला वाटलं. सकाळी दुसरे बांबू मिळाले, तिनं टेकू होते तिथं परत लावले, पाचरा ठोकल्या. झालं.

नाना आल्यावर गावभर सांगत फिरले, "पोरीनं मांडव राखला. वाघीन हाय माझी सून." लोक कौतुक करायचे अन् हिच्या मनात ते काढलेले टेकूच घोळत राहायचे. रोज स्लॅबवर पाणी मारताना ती त्याच्याकडं आजारी लेकराकडं बघावं तसं बघायची. बरा हो बाबा, म्हणायची. खाई त्याला खवखवे.

आता रंगूबाई म्हणाल्या, "चीर बुजव अन् प्लास्टर मार की वरनं. पाळन्याची कडी तेवढी मधी बसव, म्हंजी झालं."

"नाय आत्या. खाली लेकरू निजंल. हे फोडावंच लागंल. फोडून नवा टाकून देतो माझ्या खर्चानं." गोरक्ष मल्हारीकडं वळला. "अन् तू सोमवारसाठी दुसरा मिस्त्री बघ. माझ्या हाताचा मलाच भरवसा नाय राह्यला."

मल्हारीनं मान खाली घातली, पण 'नको, तूच ये' असं म्हणाला नाही.

"गोरक्षदादा." दीपमाला उंबरा ओलांडून पुढं आली. "तुमचा हात नाय चुकला. मधले टेकू म्या काढले व्हते. वारा सुटला त्या दिशी. मांडवाला लावले. सकाळी परत आनून ठेवले."

सगळ्यांची तोंडं तिच्याकडं वळली. सई तेवढी पदर चोखत होती.

"गप बसली आसतीस तर काय बिघडलं आसतं गं?" रंगूबाई दातांवर दात ठेवून पुटपुटल्या. नानांचं तिला वाघीण म्हणून झालं होतं गावभर. आता शिव्या कोणत्या तोंडानं द्यायच्या?

गोरक्ष जवळ आला. "एकटीनं काढले? खाली उभं राहून?"

"व्हय."

"आंगावर आला आसता म्हंजी? या लेकराला कोन व्हतं?" त्यानं सईकडं बोट केलं. "टेकू लागत व्हता तर मला हाक मारायची. गाडीभर आनून टाकले आसते. अन् आत्ता म्या सगळ्यांम्होरं माझ्याच हाताला दोष देऊन राह्यलो, तवाबी तू दारात उभी. ऐकत."

"चुकलं, दादा."

"चुकलं तर चुकलंच." एवढंच बोलून तो घण आणायला गेला. माफ केलं असं काही तो म्हणाला नाही. खर्चाचं नानांनी न विचारता आपल्या अंगावर घेतलं, तेही तोंड फिरवून.

दुसऱ्या दिवशी फोडायला घेतलं. कडेपासून सुरुवात केली. घण पडायचा अन् उसळून वर यायचा. टवका निघायचा तो नखाएवढा. गोरक्षच्या अंगावरनं घामाचे ओघळ निघाले, पण कालपासून आवळलेला त्याचा चेहरा हळूहळू सैल होत गेला.

"मल्हारी! ये हिकडं. हान एक."

मल्हारीनं दोन्ही हातांनी घण हाणला अन् मनगट धरून मागं सरला. "आयला! लय चिवट हाय राव!"

"शिमेट कमी व्हतं ना? पानी जास्त झालं व्हतं ना?"

"बास की आता." मल्हारी मनगट चोळत हसला. "सोमवारी सकाळी लौकर ये. उनाच्या आधी टाकू."

गोरक्षनं पुन्हा घण उचलला. खाली दीपमाला पाटीत तुकडे भरत होती. तिच्याशी तो सकाळपासून एक शब्द बोलला नव्हता. पाटी भरून भरून तळहात सोलले होते, अन् तरी ती मनातल्या मनात त्या स्लॅबला विनवत होती, एवढ्यात फुटू नको रे. दादाच्या हातासाठी अजून थोडा टिक.