शेवटचा हात

त्या गावात बर्फ पडायच्या आधी आठ दिवस सगळ्यांना एकदम आपापल्या गाड्यांची माया यायची. उन्हाळाभर पाखरांनी बॉनेटवर काय वाटेल ते करून ठेवलं तरी ढुंकून न बघणारी माणसं अचानक हळवी व्हायची. कारण बर्फ पडला की नगरपालिका रस्त्यांवर मीठ टाकायची, ते चाकांखालून उडायचं आणि गाडीच्या अंगाला असं झोंबायचं, की हिवाळा संपेपर्यंत दारांच्या खालच्या कडा उंदरानं बिस्कीट खावं तशा कुरतडून निघायच्या. त्याला उपाय एकच. गाडी धुवायची, रंगात रुतून बसलेला कच काढायचा आणि वर मेणाचा थर चढवायचा. कच राहिला तर मेण त्याच्यावरच बसतं, आणि आत कोंडलेला गंज हिवाळाभर निवांत जेवतो.

हे काम दोन भावांच्या वर्कशॉपमध्ये व्हायचं. पाण्याचा पाइप धाकट्याच्या बायकोकडे, घासून चकचकीत करायचं मशीन आणि मेण धाकट्याकडे, आणि शेवटचा हात थोरल्याचा. थोरला धुतलेल्या गाडीवरून तळहात फिरवायचा, कुठं खरखरलं तर मऊ मातीच्या गोळ्यानं तेवढी जागा घासायचा, पुन्हा हात फिरवायचा, आणि मग म्हणायचा, "बंद करा." त्यानं "बंद करा" म्हटल्याशिवाय मेणाचा डबा उघडत नसे.

त्याच्या हाताच्या गोष्टी गावभर होत्या. एकदा त्यानं एका शाळामास्तरांच्या गाडीवरून बोटं फिरवली आणि म्हणाला, "मास्तर, परवा लोखंडाच्या कारखान्यामागं गाडी लावली होतीत. टपावर किसाचे कण आहेत." कारखाना राहिला बाजूला, त्याच्यामागं कोण राहतं ते मास्तरांच्या बायकोला पक्कं ठाऊक होतं, आणि ती शेजारीच उभी होती. मास्तर पुढची दोन वर्षं घरच्या घरी बादलीनं गाडी धुवत होते.

असा तो हात मेला. एकाएकी नाही. चाळीस वर्षं थिनर आणि गार पाणी यांत बुडून बुडून बोटांची टोकं आधी बधिर झाली, मग तळहात. एके दिवशी त्यानं उकळत्या चहाचा पेला आरामात धरला आणि बायको किंचाळली, "अहो, हात भाजतोय तुमचा!" तेव्हा त्याला कळलं. तिला त्यानं सांगितलं, "कष्टाचे हात आहेत, भाजत नाहीत." आणि वर्कशॉपमध्ये कुणाला काहीच सांगितलं नाही. सांगणार काय? शेवटचा हात गेला की तो त्या जागेत कोण उरणार होता? कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून आल्यागेल्याला "या, बसा" म्हणणारा म्हातारा. त्यापेक्षा तो अंदाजानं हात फिरवायचा, डोळे मिटायचा, मान तिरकी करायचा, आणि चार जागी उगाच माती घासून म्हणायचा, "बंद करा." तीन हिवाळे असे गेले. एकही तक्रार आली नाही. थोरल्याला वाटायला लागलं, की हाताला कळत नसलं तरी हाताच्या आतल्या कशाला तरी कळत असावं.

चौथ्या वर्षी गर्दीच्या आठवड्यात तो दुपारी जेवायला निघाला, आणि अर्ध्या वाटेत लक्षात आलं की चष्मा राहिला. परत आला तर वर्कशॉपचं मागचं दार उघडं होतं आणि आत मशीन घरघरत होतं. त्यानं नुकत्याच "बंद करा" म्हटलेल्या गाडीवर धाकटा वाकला होता. धाकट्याची बायको माती लावून पुढं पुढं जात होती, हा मागून मशीन फिरवत होता.

"आज किती ठिकाणी?" तिनं विचारलं.

"मोजतो कशाला? सगळीच पुन्हा करायची. आवर, दादा पाऊण तासात येईल."

"तीन वर्षं झाली. एकदा बोला तरी त्यांच्याशी."

"तू बोल. जीभ आहे की तुला, माझ्यावर चालते तेवढी."

ती हसली. ते हसणं वाईट नव्हतं, हीच तर पंचाईत. वाईट असतं तर थोरल्यानं आत जाऊन दोघांची पिसं काढली असती. तो चष्मा न घेताच घरी गेला.

घरी त्यानं ताट बाजूला सारलं आणि टेबलावर डोकं टाकलं.

"काय झालं?" बायको म्हणाली.

"काही नाही."

"काही नाही म्हणताना माणूस ताठ बसतो. तुम्ही तर घडी घालून ठेवल्यासारखे पडलाय."

तो उत्तर देणार तोच त्याच्या गालाला काहीतरी टोचलं. एक. त्याच्या शेजारी दुसरं. थोडं पुढं तिसरं. त्यानं डोकं न उचलता गाल टेबलावरून सरकवला. "टेबल नीट पुसलं नाहीस," तो म्हणाला. "मिठाचे कण आहेत. तीन. नाही, चार."

बायकोनं चष्मा लावून वाकून पाहिलं. चार होते.

त्या दुपारी त्या माणसानं घरातल्या इतक्या वस्तूंना गाल लावला, की बायकोनं शेजारणीला बोलवायचं की डॉक्टरला, याचा विचार केला. कपाटाचं दार, खिडकीची काच, आरसा, तिची कातडी पर्स. हाताला जे तीन वर्षं सांगता येत नव्हतं ते गाल भडाभडा सांगत होता.

दुसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरीणबाईंची निळी गाडी आली. एकवीस वर्षांची गाडी. बाईंचा तिच्यावर जीव होता, त्या तिला चाळीसच्या वर पळवत नसत. इतक्या वर्षांच्या घासण्यानं तिचा रंग कडांवर कांद्याच्या पापुद्र्याइतका उरला होता.

"ही मी एकटा करणार," थोरला म्हणाला. "धुणं सोडून कुणी हात लावायचा नाही."

धाकट्यानं बायकोकडे पाहिलं, बायकोनं पाइपाकडे. "बरं, दादा," धाकटा म्हणाला.

दोन दिवस थोरला त्या गाडीला चिकटून होता, अगदी शब्दशः. टपावर गाल, दारावर गाल, दिव्यांच्या खाचेपाशी तर ओठ. रस्त्यानं जाणारा पोस्टमन थांबला.

"काय दादा, या वयात प्रेमप्रकरण?"

"तू टपाल वाट. उतू गेलेलं दूध दिसलं की तिथं मांजर हजर."

"वहिनींना सांगू का?"

"सांग. तिला म्हणावं, हिचे गाल तुझ्यापेक्षा मऊ आहेत."

हसणं चालू होतं, पण काम खोटं नव्हतं. कण लागला की तिथं ओली माती, अगदी हलक्या हातानं, पाण्याच्या फवाऱ्यावर तरंगत. कडांवर तर नुसतं फडकं. पुन्हा गाल. गारठ्यानं गाल लाल झाला, मग जांभळा. दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमाराला त्या गाडीच्या अख्ख्या अंगावर एक कण उरला नव्हता. तिच्यावर माशी बसली असती तर घसरून तिचा पाय मोडला असता.

थोरला मागं सरला. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याला जे म्हणायचं होतं ते खरं होतं, म्हणून तोंडातून आवाज जरा मोठाच निघाला. "बंद करा!"

त्यानं सगळं ठरवून ठेवलं होतं. आपण जेवायला जायचं. धाकटा गाडीवर हात फिरवणार. त्याला काही लागणार नाही. तो पुन्हा फिरवणार, बायकोला बोलावणार, तीही फिरवणार. मग दोघं मशीन बाजूला ठेवून मेणाचा डबा उघडतील. आपण मागच्या दारातून एवढं बघायचं. बोलायचं काही नाही. नुसतं बघायचं.

तो कोपऱ्यावर जाऊन परत फिरला. दारापाशी पोचायच्या आधीच घरघर कानावर आली.

"थांबव!" तो ओरडत आत धावला. "अरे, थांबव ते!"

मशीनच्या आवाजात धाकट्याला काही ऐकू गेलं नाही. ऐकू आलं तेव्हा फिरती गादी बॉनेटच्या मधल्या उंचवट्यावर होती. त्यानं ती उचलली. खाली हातभर लांबीची कड पांढुरकी पडली होती. निळा रंग उडून आतला प्रायमर दिसत होता. धाकट्याची बायको तोंडावर हात ठेवून उभी राहिली.

"हात तरी फिरवायचा होतास," थोरला म्हणाला. त्याला धाप लागली होती. "एकदा. एकदा हात फिरवून बघायचं होतंस."

धाकट्यानं जळलेल्या कडेवर बोट फिरवलं. मग म्हणाला, "पहिलं वर्षभर बघत होतो, दादा. प्रत्येक गाडीला बघत होतो. दर वेळी कच लागायचा. मग बघणं सोडलं."

"ही स्वच्छ होती."

"असेल."

"असेल नाही, होती! गाल लाव तिला!"

"दादा, तुला घरी बस म्हटलं असतं तर तू बसला असतास का? सांग ना. आम्ही रोज उपाशी राहून एकेक गाडी दोनदा केली. तुझं नाव राहावं म्हणून केली."

तेवढ्यात दारात डॉक्टरीणबाई येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी आपल्या गाडीकडे पाहिलं, आणि ज्या शांतपणे त्या लोकांच्या तोंडात बघतात त्या शांतपणे विचारलं, "हे काय झालं?"

धाकट्यानं घसा खाकरला. "बाई, मी रंगवून देतो. आज संध्याकाळपर्यंत. दादाचं वय झालं, थोडं जास्त घासलं गेलं."

थोरल्यानं भावाकडे पाहिलं. धाकटा मशीनची वायर गुंडाळत होता.

"बाई," थोरला म्हणाला, "हे मशीननं जळलंय. मी उभ्या जन्मात मशीन हातात धरलं नाही. गाडी मी स्वच्छ करून दिली होती. एक कण नव्हता."

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या दंडावर हात ठेवला. आवाज खाली आणला, अगदी सावकाश, "जराही दुखणार नाही" म्हणतात तसा. "दादा, मनाला लावून घेऊ नका. तुमच्यानंतर हे दोघं पुन्हा करतात, ते सगळ्यांना माहीत आहे. कुणाला काही वाटत नाही. म्हणून तर सगळे इथंच येतात."

"सगळे?"

"हो. अख्खं गाव. किती छान सांभाळतात हो तुम्हाला."

धाकट्याच्या बायकोनं पाइपाचा नळ उगाच सोडला आणि बंद केला.

थोरल्याच्या डोळ्यांपुढून सगळे गेले: मान डोलावणारा पोस्टमन, "तुमच्यासारखा हात नाही" म्हणणारे गावकरी, हिवाळ्याआधी गाडी आणून त्याच्यासमोर उभी करणारी, त्यानं डोळे मिटले की आदरानं गप्प होणारी एवढी माणसं. सगळ्यांनी मिळून तीन वर्षं एक नाटक नेटानं वठवलं होतं, आणि ते नाटक आहे हे एकट्या नायकालाच ठाऊक नव्हतं.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "माझ्याकडूनच जास्त घासलं गेलं असेल."

बाई त्याचा दंड थोपटून गेल्या. धाकटा काहीतरी बोलायला पुढं आला, पण थोरला हात पुसत बसला होता, आणि ते बराच वेळ चाललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला बर्फ भुरभुरला, आणि वर्कशॉपसमोर पाच गाड्यांची रांग लागली. थोरला वेळेवर आला, अंगरखा चढवला आणि पहिल्या गाडीपाशी उभा राहिला. ज्यांची गाडी होती ते गृहस्थ आदरानं गप्प झाले. त्यानं डोळे मिटले, मान तिरकी केली, बधिर तळहात टपावरून, दारांवरून, बॉनेटवरून फिरवला आणि चार जागी माती घासली. कुठं कच आहे हे शोधायच्या भानगडीत तो पडला नाही. दहा मिनिटांत म्हणाला, "बंद करा."

"वा दादा," धाकटा म्हणाला. त्याला केवढं हायसं वाटलं होतं ते आवाजातूनच कळत होतं. "आज हात मस्त चालतोय तुझा."

"गर्दी आहे ना," थोरला म्हणाला.

दुपारपर्यंत त्यानं पाचही गाड्या उरकल्या. मग टोपी घातली, जेवायला निघाला, आणि जेवून परत येताना बाजारावरून, पुलावरून, शाळेला वळसा घालून लांबच्या वाटेनं आला. पाच गाड्या पुन्हा करायच्या म्हणजे धाकट्याला वेळ लागणारच होता.