बाळाला वारा लागू नये म्हणून

शुभदाबाई जगात कुणाला भीत नसत, भीत फक्त वाऱ्याला. बाळंतिणीला वारा लागला की जन्माचं दुखणं, आणि तान्ह्याला लागला तर बोलायलाच नको, हे त्यांचं ठाम मत. लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याहून बेंगळुरात आल्या त्या चार शाली, डिंकाचे लाडू आणि हे मत घेऊनच.

मुग्धाला मुलगा झाला. डिसेंबरातलं जे. पी. नगर म्हणजे सकाळी नाकाचा शेंडा बधिर. गीझर होता, पण नेमकी बाळाच्या अंघोळीलाच वीज जायची. मग शुभदाबाईंची नजर मागच्या न्हाणीघरातल्या तांब्याच्या हंड्याकडे गेली. घरमालकांच्या वडिलांनी कधीकाळी चुलीवर बांधून घेतलेला तो हंडा, आणि चुलीमागून थेट गच्चीवर गेलेलं विटांचं धुरांडं.

"बास! उद्यापासून बाळाला ह्यातल्याच पाण्यानं अंघोळ घालायची," त्यांनी जाहीर केलं.

जावई सुधींद्र बेळगावचा, बोम्मसंद्राच्या एका कारखान्यात कामाला. माणूस सावध, ताकही फुंकून पिणारा. "आई, स्वल्प थांबा की. किती वर्षांत पेटलेलं नाही हे. आत काजळी साचलेली असणार, पाखरांनी घरटी केलेली असणार. पेट घेतला म्हणजे? आधी साफ करूया, मगच लाकूड घालायचं."

रविवारी दोघं कामाला लागले. सुधींद्रनं काथ्याचा गोल ब्रश दोराला बांधला, खाली लोखंडी वजन अडकवलं. दुसरा दोर स्वतःच्या कमरेला आणि गच्चीवरच्या टाकीच्या खांबाला. शुभदाबाईंनी नाकातोंडाला ओलं फडकं गुंडाळून चुलीच्या तोंडाला ओलं पोतं धरायचं, असं ठरलं.

त्या पोतं धरून बसल्या खऱ्या, पण जीव सगळा गच्चीवर. ओली बाळंतीण घरात, आणि जावई धुरांड्यावर ओणवा. काही झालं तर व्याह्यांना कुठल्या तोंडानं सांगायचं?

"सोडू काय, आई?" धुरांड्यातून घुमत आवाज आला.

"सोडा! पण जपून हो!"

खरवडल्याचा आवाज झाला आणि धाडकन काहीतरी खाली कोसळलं. पोतं हातातून उडालं, काजळीचा लोट अंगावर आला आणि शुभदाबाई जिवाच्या आकांतानं किंचाळल्या. त्यांना वाटलं जावई पडला. जावयाला वाटलं सासूबाई भाजल्या. त्या वर धावल्या, तो खाली धावला. जिन्यात गाठ पडली तेव्हा दोघंही काळेठिक्कर. खाटेवरून मुग्धा हसून हसून बेजार झाली, टाके दुखेपर्यंत.

पडलं होतं ते कबुतराचं घरटं. त्यानंतर सुधींद्रनं ब्रश पुन्हा पुन्हा फिरवला, घमेली भरभरून काजळी निघाली. चुलीत आरसा धरला तर त्यात आभाळाचा तुकडा दिसला. कागद पेटवून पाहिला, धूर सरळ वर गेला.

"झकास झालं," सुधींद्र म्हणाला. "पण एक लक्षात ठेवा, आई. चूल पेटलेली असताना ही खिडकी उघडीच ठेवायची. आत हवा आली तरच धूर वर जाईल."

"बरं," शुभदाबाई म्हणाल्या. न्हाणीघराची खिडकी आणि तीही उघडी! पुरुषांना काय कळतंय बाळाच्या अंघोळीतलं, हे मात्र त्या मनात म्हणाल्या.

सोमवारी त्यांनी लवकर चूल पेटवली. पाणी कढत झालं, लाकडं जळून लालबुंद निखारे उरले, धूर म्हणून नाही. धुरांडं लख्ख आहे, धूर नाही, मग भ्यायचं कशाला? त्यांनी खिडकीत जुनं लुगडं कोंबलं, दाराच्या फटीशी चादर दाबली, वरून कडी घातली आणि पाटावर पाय पसरून बाळाला नडगीवर घेतलं.

न्हाणीघर छान उबदार झालं होतं. तेल चोळून झालं, साय-पीठ लावून झालं. एरवी पाण्याचा पहिला थेंब पडला की आळी जागी करणारं पोर आज चकार शब्द काढेना.

"शहाणं झालं गं माझं बाळ," शुभदाबाई कौतुकानं म्हणाल्या. कपाळ ठणकत होतं. पहाटे उठल्यामुळे असेल, असं त्यांना वाटलं. आणखी एक तांब्या ओतला. बाळाचा हात पाण्याबरोबर घरंगळला आणि तसाच लोंबत राहिला.

त्यांनी त्याला पालथं केलं, पाठीवर थापटलं. मान लुळी. गालावर चापटी मारली. काही नाही. देवा, हे शहाणपण नव्हे!

त्या उठायला गेल्या तर गुडघ्यांत जीवच नाही. न्हाणीघर गरगर फिरलं. हाक मारायला तोंड उघडलं, नुसता घोगरा श्वास बाहेर आला. बाळाला छातीशी धरून त्या फरशीवरून सरपटत निघाल्या. दार हातभरावर होतं आणि कडी वर, त्यांनी स्वतः घातलेली. मी मेले तरी चालेल, हा नको, हा नको, एवढंच डोक्यात घुमत होतं. हाताला लागलेला तांब्या त्यांनी दारावर आपटला. पुन्हा आपटला. मग हातातून सुटला.

बाहेरून सुधींद्रनं खांद्यानं दार फोडलं तेव्हा गार वारा भसकन आत आला. त्यानं बाळाला उचललं, सासूबाईंना ओढत अंगणात आणलं. मुग्धा अनवाणी धावत आली आणि बाळाकडे बघून तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो शुभदाबाईंनी कधी कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता.

दवाखान्यात बाळाला ऑक्सिजन लावला. शुभदाबाई बाकावर भिंतीला टेकून होत्या; एकेक क्षण युगासारखा जात होता आणि त्या नवस बोलत होत्या, कुठल्या देवाला ते त्यांनाही कळत नव्हतं. बऱ्याच वेळानं आतून बारीकसं किरकिरणं ऐकू आलं. मग जोराचं रडणं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "आता धोका नाही. निखाऱ्यांचा विषारी वायू. त्याला वास नसतो, रंग नसतो. खिडकी कुणी बंद केली होती?"

"मी," सुधींद्र पटकन म्हणाला.

क्षणभर, अगदी क्षणभरच, शुभदाबाईंना हायसं वाटलं. मग त्याची त्यांना इतकी लाज वाटली की त्या उठून उभ्या राहिल्या. "खोटं बोलतायत ते. त्यांनी बजावलं होतं मला. मी बंद केली."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि त्या निघून गेल्या.

संध्याकाळी बाळ मुग्धाच्या मांडीवर आलं. त्याचं दुपटं सरकलं होतं. शुभदाबाई वाकल्या आणि सवयीनं ते सारखं करायला त्यांनी हात पुढे केला. मुग्धा बाळाला घेऊन किंचित पलीकडे वळली. किंचितच, तिचं तिलाही कळलं नसावं.

शुभदाबाईंनी हात मागे घेतला आणि पदराला पुसला. तो ओला नव्हता.