शेतात थांबलेलं घर

आमच्या गावात घर एकाचं आणि जागा दुसऱ्याची, यात कुणाला वावगं वाटत नाही. घरं लाकडी, खांबांवर उभी. जागा सोडायची वेळ आली की गावातले शंभरेक पुरुष जमतात, खांबांना आडवे बांबू बांधतात, घर खांद्यावर घेतात आणि सांगाल तिथे नेऊन ठेवतात. घर कधी उचलायचं आणि कुठल्या दिशेला तोंड करून बसवायचं, हे ठरवणारा मिस्त्री मी. आजवर एकेचाळीस घरं हलवली. त्यातली चाळीस एका दिवसात पोचली.

राहिलेलं एक इसुरीचं.

इसुरीचा नवरा तोलेंग चार वर्षांपूर्वी गेला. लग्न झाल्यावर दोघांनी त्याच्या काकाच्या परसात घर बांधलं होतं. काका म्हणाला बांध, म्हणून तोलेंगने बांधलं. तीस वर्षं त्यावर कुणी अवाक्षर काढलं नाही. मग सरकारी मोजणी आली, सगळ्या गावाच्या जमिनींचे नकाशे झाले, आणि काकाचा मुलगा हाजी लान्तो याच्या हातात जो कागद पडला त्यात ते परसही होतं. तोवर हाजीला त्या परसाची आठवणसुद्धा नव्हती. कागदावर पाहिल्यावर मात्र त्याला तिथे भात वाळवायला सिमेंटचं खळं घालावंसं वाटू लागलं.

तो वाईट माणूस नाही. वीस वर्षं मलेशियात पामच्या मळ्यांवर राबून आला, मक्केला जाऊन आला, मग जमीन घेतली. इसुरीकडे आला तेव्हा वर ओट्यावरही चढला नाही, शिडीच्या खालच्या पायरीवर बसला.

"वहिनी, घर तुमचंच आहे," तो म्हणाला. "मी फक्त जागेचं म्हणतोय."

इसुरी मासे साफ करत होती. "बरं," एवढंच म्हणाली आणि साफ करत राहिली.

तिच्या आईकडून आलेला एक तुकडा डोंगराच्या पायथ्याशी होता, कोकोच्या झाडांचा. तिथे कधी कुणी राहिलं नव्हतं. परसापासून तिथवर सरळ वाट म्हणजे हाजीचं मोठं शेत. कापणी नुकतीच उरकली होती, शेत कोरडं होतं. हाजी आपण होऊन म्हणाला, माझ्या शेतातून न्या, जवळ पडेल.

शुक्रवारची नमाज झाल्यावर माणसं जमली. हाजीही आला. घर हलताना पुरुषाने घरी बसायचं नाही अशी आमच्याकडे रीत आहे, मग ते घर तुमच्यामुळेच हलत असो. तो मधल्या रांगेत बांबूखाली उभा राहिला. इसुरीने खाली उतरायचं होतं, पण ती उतरली नाही. मी उतरले तर भांडी कोण धरणार, म्हणाली. मी वाद घातला नाही. एवढ्या मोठ्या घरात एका बाईचं वजन ते काय.

मी आरोळी दिली. घर उठलं, चाललं. अर्ध्या शेतात पोचलो आणि हाजीचा डावा पाय उंदराच्या बिळात गुडघ्यापर्यंत गेला. त्याचा बांबू निसटला, घर एका अंगाला कललं, आतून भांडी पडल्याचा आवाज आला आणि त्यामागून लाकूड फाटल्याचा. आम्ही घर होतं तिथेच टेकवलं. हाजीचा घोटा सुजला, बाकी कुणाला लागलं नाही. पण घराची बेंबी फुटली.

घरातला एक खांब सगळ्यांत आधी उभा करतात, बाकी घर त्याच्या भरवशावर. त्याला आम्ही बेंबी म्हणतो. बेंबी फुटलेलं घर उचलणं अशुभ, ते कुणी उचलत नाही.

हाजी घोटा चोळत म्हणाला, "मिस्त्री, मी मक्केला जाऊन आलोय. माझा या असल्या गोष्टींवर विश्वास नाही."

"मग उचल," मी म्हटलं.

त्याने आजूबाजूला पाहिलं. शंभर माणसं डोंगराकडे बघत होती.

इसुरीने खिडकीतून विचारलं, "पोचलो का?"

"अर्ध्यात," मी म्हटलं.

"मग जेवून घ्या. भात निवेल."

सगळे जेवले. चिकट तांदळाचा भात आणि भाजलेला मासा होता. हाजीही जेवला.

बेंबीला फणसाचंच लाकूड लागतं. त्या जाडीचा फणस गावात एकच होता, परसातला, तोलेंगने स्वतः लावलेला. हाजीला खळ्यासाठी तो तोडायचाच होता, तेव्हा तो उदारपणे म्हणाला, घ्या माझा फणस. इसुरीने कळवलं की जागा त्याची असेल, झाड तोलेंगचं आहे, उगाच उपकार दाखवू नका. झाडावरून दोन दिवस निरोपांची ये-जा झाली. शेवटी मी ते तोडलं. कुणाचं म्हणून तोडलं ते मी सांगितलं नाही. लाकूड ओलं होतं आणि सुकायला चार महिने तरी लागणार होते. तसं मी सांगितल्यावर हाजी बोटांवर दिवस मोजायला लागला. कारण अकरा दिवसांनी कालव्याचं पाणी सुटणार होतं.

पाणी सुटलं. ते कुणासाठी थांबत नाही. हाजीने घराभोवती चिखलणी केली, यंत्र वळवून वळवून. खांबांच्या कडेपर्यंत रोपं लावली. चहाच्या टपरीवर त्याला रोज विचारायचे, हाजी, यंदा घर पेरलंयस म्हणे, कापणी कधी? तो हसायचा नाही. पण लोक इसुरीकडे जाता-येता रोपं तुडवत होते, म्हणून बांधापासून तिच्या शिडीपर्यंत त्याला बांबूचा साकव घालावा लागला. तो घालायला त्याने मलाच बोलावलं.

रोज सकाळी पाणी बघायला तो त्या साकवावरून जाई. पहिले काही दिवस इसुरी त्याच्याकडे पाहतही नव्हती. मग एकदा वरूनच म्हणाली, "ईशान्येचा कोपरा पिवळा पडलाय."

"कुठे?" हाजी म्हणाला. खालून दिसत नव्हतं.

"वर येऊन बघा."

तो वर गेला. ओट्यावरून अख्खं शेत ताटासारखं दिसत होतं आणि कोपरा खरंच पिवळा होता. रोपांना किडे लागले होते. त्याने त्याच दिवशी फवारणी केली. शेजारच्या दोघांना उशिरा कळलं आणि त्यांचं अर्धं पीक गेलं. तेव्हापासून हाजी रोज ओट्यावर बसून कॉफी प्यायला लागला. दाणे भरल्यावर पाखरं आली, तर इसुरी घरात बसल्या बसल्या दोऱ्या ओढून चौफेर डबे वाजवायची. त्या वर्षी त्याला कधी नव्हे एवढं भात झालं. खत चांगलं होतं, असं तो सांगे. पण राखणदाराचा वाटा म्हणून चार पोती त्याने स्वतः खांद्यावरून तिच्या शिडीपाशी आणून टाकली.

कापणी झाली, शेत सुकलं, लाकूडही सुकलं. मी खांब तासून तयार ठेवला आणि हाजीला दिवस विचारला. या वेळी त्याने बोलवायचं होतं, कारण घर त्याच्या शेतात होतं. आणि जो बोलावतो तो जेवण घालतो. तो म्हणाला, बघू. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं, पुन्हा बघू. मला वाटलं, शंभर माणसांच्या जेवणाला घाबरला.

तसं नव्हतं. एका सकाळी मी फुटलेला खांब मोजायला इसुरीकडे गेलो होतो. हाजी ओट्यावर बसला होता. मी आहे हे त्याला ठाऊक होतं, तरी तो बोलला.

"वहिनी, घर असू द्या इथेच. घराखालची जागा मी तुमच्या नावाने करून देतो. कागद करतो, पक्का."

इसुरी तांदूळ निवडत होती.

"तीस वर्षं मी दुसऱ्याच्या जागेत राहिले, हे तुमचा कागद आला तेव्हा मला कळलं," ती म्हणाली. "तोवर मी आपल्याच घरात होते. त्या दिवशी तुम्ही पायरीवर बसलात ना, तेव्हा माझ्या हातातला मासा निसटला होता. तुम्हाला दिसला नाही."

"म्हणूनच तर देतोय."

"दिलेलं नको मला. मिस्त्रींना दिवस सांगा."

हाजीने कप खाली ठेवला. "पुढचा शुक्रवार," तो मला म्हणाला.

त्याने बकरा कापला. गावातल्या आजवरच्या कुठल्याही घराला एवढं जेवण नव्हतं. बेंबी बदलायला मला अर्धा दिवस लागला. या खेपेला इसुरी आपण होऊन खाली उतरली आणि घराच्या मागून चालली, एका हातातल्या टोपलीत कोंबडी. घर पायथ्याशी पोचलं. सूर्य उगवतो त्या बाजूला तोंड करून मी ते बसवलं. ती शिडी चढून आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. बाहेर माणसं जेवणाला थांबली होती. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. कोकोच्या झाडांत डास फार आहेत, म्हणाली.

पुढच्या मोजणीत तिने आईच्याच नावावर राहिलेला तो तुकडा स्वतःच्या नावावर करून घेतला. मोजणीवाल्यांसोबत चारही कोपऱ्यांवर ती स्वतः उभी राहिली, प्रत्येक खुंटी ठोकेपर्यंत.

खळं झालं. त्यावर आता निम्मं गाव भात वाळवतं. हाजीने शेताच्या मधोमध पाखरं राखायला एक मचाण बांधून घेतलं. रोज सकाळी तिथे जाऊन बसतो. महिन्याभरात मला बोलावणं आलं, मचाण दोन हात उंच करून दे, पूर्ण दिसत नाही. मी वर चढून पाहिलं. शेत पूर्ण दिसत होतं, चारही कोपरे. कोकोच्या झाडांआड इसुरीचं छप्पर तेवढं दिसत नव्हतं. दोन हात उंच करून दिलं.