धोंडाबाईची साक्ष

मी मृत्यू. मी हात उगारत नाही, ते काम माणसं करतात. मी फक्त शेवटी पोचतो.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात देवळ्याजवळच्या एका गावात गेलो, तेव्हा केरूची वरात निघाली होती. केरू बौद्धवाड्यातला, नाशिकला शाळेत मास्तर. नवरदेव घोड्यावर, पुढे बँड, मागे त्याची आई कुसाबाई. बौद्धवाड्यातला नवरदेव गावच्या मुख्य रस्त्यानं घोड्यावरून कधी गेला नव्हता.

पारापाशी वरच्या आळीतला निवृत्ती आडवा आला. त्याच्यामागे आठ-दहा जण होते, हातात काठ्या.

"खाली उतर," तो म्हणाला.

"रस्ता सगळ्यांचा हाय, निवृत्तीभाऊ," केरू म्हणाला.

पहिली काठी घोड्याच्या तोंडावर बसली. घोडा उधळला, केरू दगडांवर आपटला. बँडवाले पळाले. मग काठ्या सुरू झाल्या. केरूचा हात मोडला, कपाळ फुटलं, बाशिंग रक्तानं भिजलं. निवृत्तीनं कुणाच्या तरी ओट्यावरची कुऱ्हाड उचलली. कुसाबाई धावत आली आणि पोराच्या अंगावर पालथी पडली.

निवृत्तीची आई धोंडाबाई समोरच्याच दारातून धावली. तिनं लेकाचा सदरा मागून धरला. "सोड, निवृत्त्या, ती कुणाची तरी माय हाय." त्यानं तिला कोपरानं ढकललं. ती भिंतीवर आदळली, दोन दात पडले. तिथूनच तिनं कुऱ्हाड खाली येताना पाहिली. एकदा, आणि परत एकदा.

मी केरूसाठी आलोय असं मलाही वाटलं होतं. घेऊन गेलो कुसाबाईला.

पोलीस आले तेव्हा गावात कुणीच काही पाहिलेलं नव्हतं. पारासमोरचे दुकानदारही म्हणे शेतावर होते. धोंडाबाई स्वतःहून पुढे आली आणि सगळं सांगितलं. भावकीनं तिचं पाणी तोडलं, सुनेनं चूल वेगळी केली.

नाशिकच्या कोर्टात वकिलानं विचारलं, "आजी, एवढ्या गर्दीत तुम्हाला नीट कसं दिसलं?"

"माझंच पोर हाय, साहेब. पाठीवरनं वळखते मी त्याला."

निवृत्ती तिच्याकडे बघत होता. तिनं मान खाली घातली नाही. त्याला जन्मठेप झाली. केरूचा हात वाकडाच राहिला. लग्न पुढच्या वर्षी नाशिकला झालं, घोड्याशिवाय.

पंच्याऐंशी साली मी धोंडाबाईकडे गेलो. ती एकटीच खाटेवर पडली होती. मला पाहून दचकली नाही.

"निवृत्तीकडं जाऊन आलास का?" तिनं विचारलं.

"नाही. त्याला वेळ आहे."

"किती?"

"ते सांगता येत नाही."

"बरं," ती म्हणाली. "त्याच्याकडं जरा उशिरानंच जा." आणि पदर नीट करून उठून बसली.