डोंगरावरच्या म्हशी

सोजराबाई नागपूरकडच्या. नवऱ्याच्या नोकरीपायी लग्नानंतर बोईसरला आल्या आणि इथंच म्हाताऱ्या झाल्या, पण हा मुलूख काही त्यांच्या मनात भरला नाही. हवा चिकट, पापड वाळायचं नाव घेत नाही, बाजारात पाऊल टाकलं की मासळीचा वास. मुलगा मनीष वीज केंद्रात लागला, घरात सून आली, तरी कुणी "तुमी कुठल्या?" असं विचारलं की सोजराबाई अजून हिंगण्याकडच्या आपल्या गावाचंच नाव सांगायच्या.

सून उत्कर्षा लातूरची. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला होती. सासूशी तिचं भांडण नव्हतं, पण फारसं बोलणंही नव्हतं. भाजी काय करायची, गुडघ्यांना तेल लावलं का, एवढ्यावर दिवस निघून जायचा.

जानेवारीतल्या एका सकाळी उत्कर्षा चहा पिता पिता मोबाइल चाळत बसली होती. कारखान्यात पॅकिंगला असलेल्या नवसीनं डोंगरावरचा एक फोटो टाकला होता. नवसी उमरोळीच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यावर राहायची. फोटोत ती ओढणी सावरत हसत होती, आणि तिच्या मागं गवतात दगडांचा गोल दिसत होता.

सोजराबाई बशी उचलायला वाकल्या आणि तशाच थांबल्या.

"थांब व, थांब! मोठं करून दाखव ते."

उत्कर्षानं बोटांनी नवसीचा चेहरा मोठा केला.

"नवसीला नाई पाहत मी. तिच्या मांगं पाहा. गोटे पाहा. गोल!" सोजराबाई मटकन खुर्चीत बसल्या. "हे इथं कसं आलं?"

"काय आलं, आई?"

मग जे सुरू झालं ते थांबेचना. सोजराबाईंच्या गावाबाहेरच्या माळावर असेच दगडांचे गोल होते. मोठमोठे काळे धोंडे, कुणी कधी मांडले कुणाला ठाऊक नाही. गावातले म्हणायचे, लग्नाचं वऱ्हाड चाललं होतं, ते जागच्या जागी दगड झालं. पुढं सरकारी माणसं खोदायला आली. त्यांनी सांगितलं, या हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांच्या समाध्या आहेत. एका गोलात तर घोड्याचे दात निघाले. सोजराबाई आणि त्यांचा धाकटा भाऊ डोमाजी तिथं गुरं चारायला न्यायचे आणि दिवसभर त्याच धोंड्यांवर खेळायचे. काही धोंड्यांवर वाटीसारखे लहान लहान खळगे कोरलेले होते. त्यात चिंचोके टाकून दोघं डाव मांडायचे.

उत्कर्षा चहा विसरून ऐकत राहिली. इतक्या वर्षांत सासूबाई असं कधी बोलल्या नव्हत्या. त्यांचे डोळे लकाकत होते, हात हवेत गोल काढत होते.

"मले तिथं घेऊन चाल," सोजराबाई म्हणाल्या.

सासरे नागोराव पेपराआडून बोलले, "जिना उतरताना देवाचं नाव घेता, अन् डोंगर चढता?"

"तुमी पेपर वाचा," सोजराबाई म्हणाल्या.

उत्कर्षानं नवसीला फोन लावला. "तुझ्या फोटोतली जागा बघायचीय. आईंना घेऊन येते सुट्टीला."

"या ना ताई! जेवायलाच या," नवसी म्हणाली. जागेबद्दल उत्कर्षानं अधिक काही विचारलं नाही, आणि तिनंही काही सांगितलं नाही.

सुट्टीच्या दिवशी सकाळीच दोघी स्कूटरवरून निघाल्या. सोजराबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि पायात मनीषचे जुने कॅनव्हासचे बूट घातले होते. वाटेत त्यांचं तोंड मिटलं नाही. भाताची कापणी होऊन गेलेली, मोकळ्या खाचरांतून वाल पसरलेला, कडेला गवताच्या गंज्या रचलेल्या. एरवी या कशाकडे त्या ढुंकून बघायच्या नाहीत. आज मात्र प्रत्येक टेकाड दिसलं की त्या उत्कर्षाचा खांदा दाबत विचारायच्या, "हाच का तो डोंगर?"

नवसी आणि तिचे वडील चिंतू अंगणात वाट बघत होते. चिंतू सडसडीत, पांढरे केस बारीक कापलेला माणूस. पावसाळ्यात डोंगरउतारावर नागली आणि भात पिकवायचा, उन्हाळ्यात वीटभट्टीवर जायचा. पाणी पिऊन होताच सोजराबाई उठल्या. चिंतूनं न विचारता त्यांच्या हातात एक काठी दिली.

जागा फार लांब नव्हती. पाड्यामागची चढण चढून गेलं की सपाटी लागत होती. सोजराबाई धापा टाकत वर पोचल्या, आणि समोर फोटोतला गोल दिसला.

गोल होता, पण आत सात-आठ बकऱ्या रवंथ करत बसल्या होत्या. दगड हातानं उचलता येतील एवढे, एकावर एक रचलेले. फटींत काटेरी फांद्या खोचलेल्या.

"हा कुणी मांडला?" उत्कर्षानं चाचरत विचारलं.

"मीच की," चिंतू अभिमानानं म्हणाला. "दोन वर्सं झाली. बिबट्या यायचा ना बकऱ्यांवर. म्हणून वाडा बांधला. चांगला झालाय ना?"

उत्कर्षाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. एका फोटोच्या भरवशावर आपण गुडघे दुखणाऱ्या बाईला डोंगरावर आणलं. आधी दोन प्रश्न विचारले असते तर काय बिघडलं असतं? तिनं भीत भीत सासूकडे पाहिलं. सोजराबाई एका दगडावर बसून पदरानं मान पुसत होत्या. एक बकरी येऊन त्यांच्या बुटाचा वास घेऊ लागली.

"चांगला बांधला, भाऊ," त्या शेवटी म्हणाल्या. "मजबूत हाय."

"मंग तुमचा चेहरा का उतरला, बाय?"

तेव्हा सोजराबाईंनी त्याला सगळं सांगितलं. गावचा माळ, दगडांचे गोल, वऱ्हाडाची गोष्ट. चिंतू उकिडवा बसून ऐकत होता.

"ते धोंडे उभे असतात का आडवे?" त्यानं विचारलं.

"उभे नाई. बसलेले. अर्धे मातीत, अर्धे वर. लांबून पाहिलं तर वाटन, गुरं बसलीत."

चिंतूनं नवसीकडे पाहिलं. नवसीनं तोंडावर हात ठेवला. "बाबा, म्हशी!"

"कोणत्या म्हशी?" उत्कर्षानं विचारलं.

"वरच्या माळावर हायेत," चिंतू म्हणाला. "आमी त्यांना म्हशीच म्हणतो. आमची म्हातारी सांगायची, कोणा गवळ्याच्या म्हशी तिथं बसल्या त्या उठल्याच नाय. दगड झाल्या. तिकडं आता कोण जात नाय. गवत कापायला गेलो तर तेवडंच."

सोजराबाई ताडकन उभ्या राहिल्या. बकरी दचकून पळाली.

"किती लांब हाय?"

"मी एक विडी ओढेपर्यंत पोचतो. तुमाला..." चिंतू त्यांच्या गुडघ्यांकडे बघत घुटमळला.

"मी दोन विड्यांत येते. चाला!"

वाट अशी नव्हतीच. चिंतू पुढं होऊन कोयत्यानं करवंदीच्या जाळ्या बाजूला करत होता. सागाची वाळलेली पानं पायाखाली कुरकुरत होती. उत्कर्षा मागून सासूच्या कमरेला आधार देत होती, आणि नवसी पाण्याच्या बाटल्या घेऊन दोन्ही बाजूंनी पळत होती. मध्ये एक ओहोळ लागला. सोजराबाई बसत, घसरत तो उतरल्या आणि पलीकडे चिंतूचा हात धरून वर आल्या. लुगड्याला मातीच माती.

"आई, थांबायचं का जरा?"

"थांबली तर मंग उठता येनार नाई. चाल तू."

माथ्यावर पोचल्यावर वारा अंगावर आला. पश्चिमेला खाली कारखान्यांच्या चिमण्या, वीज केंद्राच्या इमारती आणि त्यापलीकडे समुद्राची चकाकती रेघ दिसत होती. पण तिकडे बघायला कुणाला सवड होती? समोरच्या माळावर, कमरेएवढ्या पिवळ्या गवतात, काळ्या पाठी दिसत होत्या. एक, बाजूला दुसरी, जरा पलीकडे तिसरी. खरोखर म्हशी बसल्यासारख्या.

उत्कर्षाच्या मनात आलं, आता हेही नुसतेच विखुरलेले धोंडे निघाले तर? डोंगरावर दगड असायचेच.

तिनं सासूचा हात सोडला आणि पहिल्या धोंड्याकडे पळाली. गवत बाजूला सारत दुसऱ्याकडे गेली, मग तिसऱ्याकडे. चौथा गवतात पूर्ण बुडाला होता, तो तिच्या नडगीला लागला तेव्हा सापडला. तिनं मागं वळून पाहिलं. ओळ सरळ जात नव्हती.

"आई!" ती ओरडली. "वळतंय! हे वळतंय!"

"पुढं जा! पुढं पाहा!" सोजराबाईही तिकडून ओरडल्या.

उत्कर्षा धावत सुटली. धोंड्यामागून धोंडा. कुठं दोघांमध्ये जागा सुटलेली, कुठं एकमेकांना खेटून. गवताची कुसळं सलवारीत घुसत होती, हातांना ओरखडे पडत होते. एका ठिकाणी ऐनाचं झाड उभं होतं आणि त्यापुढं काहीच दिसेना. तिनं झाडाला वळसा घातला. झाडाच्या मुळांनी एक धोंडा जवळजवळ गिळला होता, पण होता तिथंच. त्याच्या पुढं अजून एक. आणि त्याच्या पुढं, पहिल्या धोंड्यापाशी हात पसरून उभ्या असलेल्या सोजराबाई.

गोल पुरा झाला होता.

धापा टाकत उत्कर्षा सासूच्या गळ्यातच पडली. दोघी हसत होत्या, आणि आपण काय करतो आहोत हे लक्षात येऊन पुन्हा हसत होत्या. नवसी टाळ्या पिटत होती. चिंतू माळाच्या मध्यावर उभा राहून सगळीकडे बघत होता.

"पोरगा होतो तवापासून येतो मी हितं," तो म्हणाला. "पर गोल हाय हे कधी दिसलंच नाय. गवतच एवडं असतं."

"अजून एक पाहायचं राहिलं," सोजराबाई म्हणाल्या.

त्या एकेका धोंड्यापाशी जाऊन तळहात फिरवू लागल्या. डोळे मिटून, पीठ चाचपावं तसं. एकावर काही नाही. दुसऱ्यावर नाही. उत्कर्षाही हात फिरवू लागली, नवसीही. दगड उन्हानं कोमट झाले होते, वर पांढरट बुरशीचे डाग आणि मातीचे पापुद्रे चढले होते. बराच वेळ नुसती खरखर लागत राहिली.

मग झाडाजवळच्या एका पसरट धोंड्यावर सोजराबाईंचं बोट थांबलं. त्यांनी मान हलवून उत्कर्षाला बोलावलं आणि तिचं बोट धरून तिथं ठेवलं. मातीखाली काहीतरी खोलगट होतं. बाजूला आणखी एक. त्याच्या बाजूला आणखी.

"नवसी, पाणी आण," उत्कर्षा म्हणाली.

नवसीनं बाटली ओतली. उत्कर्षानं ओढणीच्या टोकानं माती हळूहळू पुसली. पाणी चारी बाजूंनी वाहून गेलं, पण सगळं गेलं नाही. दगडाच्या पाठीवर लहान लहान वाट्यांत ते साचून राहिलं. नीट रांगेत, जवळजवळ एकसारख्या वाट्या. प्रत्येकीत आभाळाचा एकेक ठिपका.

चिंतू गुडघ्यांवर बसला. त्यानं एका वाटीत बोट बुडवलं आणि मोठ्यानं हसला. "आयला! हे कोनी केलं?"

"तेच तर!" सोजराबाई म्हणाल्या. "तेच तर कुनाले माहीत नाई!"

त्यांनी कमरेच्या पिशवीतून मोबाइल काढला. डोंगरमाथ्यावर रेंज चांगली होती. व्हिडिओ कॉल लागला आणि पडद्यावर डोमाजीमामांचं मिशाळ तोंड आलं.

"डोम्या! पाहा मी कुठं हाय!"

"शेतात दिसून राहिली. गावाले आली का? सांगितलं काहून नाई?"

"गावाले नाई रे! बोईसरले हाय मी!"

"काहीही सांगते. मांगं आपला माळ दिसून राहिला मले."

सोजराबाईंनी मोबाइल उत्कर्षाच्या हातात दिला. उत्कर्षा गोलभर फिरली, मग तो पाणी साचलेला धोंडा दाखवला. मग डोमाजीमामा घरात कुणाला तरी हाका मारू लागले, एकदम सगळ्यांना, आणि पडद्यावर तोंडांची गर्दी झाली.

त्या दिवशी त्यांनी एकही दगड हलवला नाही. उत्कर्षाला धोंड्याच्या तळाशी असलेली माती उकरून पाहायची फार हौस होती, पण चिंतूनं हात आडवा केला. "नको ताई. कोन निजलं असंल तर निजूं दे." सोजराबाईंनीही मान डोलावली. खाली आल्यावर नवसीच्या घरी नागलीच्या भाकऱ्या आणि वालाची आमटी झाली. सोजराबाईंनी दुसऱ्यांदा आमटी मागून घेतली आणि फोडणीत काय घातलं तेही विचारून घेतलं.

पुढं उत्कर्षानं फोटो आणि जागेचा नकाशा एका विद्यापीठात पाठवला. महिनाभर काही उत्तर आलं नाही. मग वर्षाराणी नावाच्या संशोधक बाईंचा फोन आला आणि मार्चमध्ये त्या स्वतः आल्या. त्यांनी दिवसभर मापं घेतली. त्या जपून बोलत होत्या. खोदल्याशिवाय काळ सांगता येणार नाही, विदर्भातल्या गोलांशी याचा संबंध जोडायची घाई नको. पण धोंडे माणसानं मांडलेले आहेत आणि वाट्या माणसानं कोरलेल्या आहेत, एवढं नक्की. हे सांगताना त्या वाट्यांवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवत होत्या. पाड्यावरची निम्मी माणसं तिथं जमली होती आणि सोजराबाई त्यांना घोड्याच्या दातांची गोष्ट सांगत होत्या.

ऊन उतरायला लागलं तसं वर्षाराणी सामान आवरू लागल्या. चिंतू डोकं खाजवत पुढं आला.

"म्याडम, एक विचारू? एवड्याच म्हशी बघायच्या होत्या का? खिंडीच्या पल्याड बारक्या म्हशी पन हायेत. रेडकं म्हणतो आमी."

वर्षाराणींच्या हातातली टेप तशीच राहिली. उत्कर्षा चिंतूला काही विचारायला वळली, तोवर सोजराबाई पदर खोचून खिंडीच्या दिशेनं चालूही लागल्या होत्या, आणि बाकीच्यांना त्यांच्यामागं पळावं लागलं.