सोळा पाने आणि एक अडकित्ता

मित्रांनो, मी एक जुनी रहस्यकथा आहे. तुम्ही म्हणाल, रहस्यकथेने स्वतःचे रहस्य पहिल्याच ओळीत सांगू नये. पण माझे रहस्य आमच्या सगळ्या वसाहतीला ठाऊक आहे, तेव्हा लपवून काय उपयोग? माझ्या पोटात सोळा पाने हाताने लिहिलेली आहेत, आणि ती गजऱ्याच्या दोऱ्याने शिवलेली आहेत.

माझा जन्म १९७४ सालचा, नाशिकच्या एका लहानशा छापखान्यातला. माझे लेखक मल्हारी शिरसाठ हे येवल्याचे. ते दर महिन्याला एक कादंबरी लिहीत. माझ्या मुखपृष्ठावर पिस्तूल रोखलेला गुप्तहेर सुदेश होता आणि त्याच्या मागे आगीच्या ज्वाळा होत्या. आत कुठेही आग लागत नाही, पण चित्रकाराला तांबडा रंग आवडायचा.

आम्हा पुस्तकांचा जन्म जमिनीवर होतो. छापलेल्या कागदाच्या सोळा-सोळा पानांच्या घड्या करतात. अशा घडीला फर्मा म्हणतात. माझे सात फर्मे होते. त्यांचे सात ढीग ओळीने मांडलेले असत, आणि बांधणी करणारी आक्काबाई एकेका ढिगातून एकेक फर्मा उचलत पुढे जाई. तिचा हात विजेसारखा चाले. माझ्या वेळी मात्र तिने पाचवा फर्मा दोनदा उचलला आणि सहावा राहून गेला. मोजायला गेले तर पाने बरोबर एकशे बाराच भरली. त्यामुळे चूक कुणाच्या ध्यानात आली नाही आणि मी ऐटीत बाहेर पडले.

नाशिक रोडच्या एका वसाहतीत मोतीराम पगारे राहत. दिवसा ते स्टेशनवर पार्सल ऑफिसात नोकरी करत आणि संध्याकाळी घराच्या ओट्यावर वाचनालय चालवत. दोन कपाटे, एक बाक, एक स्टूल, आणि भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. मोतीराम फार शिस्तीचे. पुस्तकाचा कान दुमडलेला दिसला तरी ते वाचकाकडे असे बघत की जणू त्याने त्यांचाच कान पिरगाळला आहे. त्यांनी मला खाकी कव्हर घातले, नंबर दिला आणि कपाटात ठेवले.

पहिला वाचक मिळाला लहानू. हा नोटा छापणाऱ्या सरकारी प्रेसमध्ये कामाला होता आणि दर आठवड्याला दोन रहस्यकथा फस्त करायचा. ऐंशीव्या पानावर दुष्टांनी सुदेशला घाटातल्या बंगल्याच्या तळघरात हातपाय बांधून टाकले होते. दारावर जग्गू नावाचा पहारेकरी होता आणि त्यांचा म्होरक्या सांगून गेला होता, "उजाडलं की याला संपवा." लहानूने श्वास रोखून पान उलटले, तर पुन्हा पासष्टावे पान! त्याने ती पाने भराभर ओलांडली आणि सत्त्याण्णवावर पोचला. तिथे सुदेश नाशिक रोड स्टेशनवर चहा पीत होता. मनगटाला पट्टी होती, बाकी स्वारी ठणठणीत.

"सुटला का नाय?" लहानू मोतीरामांना म्हणाला. "हिरो हाय तो, सुटणारच. लय नशीबवान!"

"अरे, पण सुटला कसा?" मोतीराम म्हणाले. त्यांनी मला हातात घेऊन पाने तपासली आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी छापखान्याला पत्र टाकले. उत्तर आले नाही. मग त्यांनी मला रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवले. मला फार वाईट वाटले, मित्रांनो. चूक माझी नव्हती, पण अधू पुस्तक कोण ठेवून घेणार?

त्या गठ्ठ्यावरून मला उचलले सरुबाईने. ती बाजारात फुले विकायची. घरचा थोडा मळा होता, त्यात झेंडू, शेवंती आणि मोगरा. चौथीपर्यंत शिकलेली. ओळीखाली बोट ठेवून सावकाश वाचायची, पण वाचलेले एक अक्षर विसरायची नाही. रद्दीतली पुस्तके ती मागून न्यायची. गिऱ्हाईक नसले की गजरा करता करता वाचायची.

तिने मला चार दिवसांत वाचले आणि पाचव्या दिवशी भांडायला ओट्यावर आली. लहानू बाकावर बसलेलाच होता.

"हे असं कसं सुटंल मानूस?" ती म्हणाली.

"नशीब असतं एकेकाचं," लहानू म्हणाला. "उंदरानं दोर कुरतडला असंल. नायतर भिंत पडली असंल."

सरुबाई हातातली टोपली खाली ठेवून स्टुलावर बसली. "माझ्या झेंडूवर ऐन दसऱ्याच्या तोंडावर पाऊस पडला. ते नशीब. पण दसऱ्याला माझी टोपली रिकामी नव्हती. तीन गावं फिरून फुलं गोळा केली म्या. ती काय उंदरानं आणून दिली? नशीब अडकवतं, लहानूभाऊ. सुटायचं ते आपल्याला बघावं लागतं."

"मग तूच सांग तो कसा सुटला."

"आधी तू सांग, अडकित्ता कुठं गेला?"

लहानूला काही कळेना. मलाही क्षणभर कळले नाही, आणि मी तर ते पुस्तक होते! सरुबाईने माझे बारावे पान उघडले. तिथे सुदेश येवल्याच्या बाजारात मावशीसाठी पितळी मुठीचा अडकित्ता घेतो आणि खिशात टाकतो. पुढे त्याचे नावही निघत नाही.

"पण एकाहत्तर पानावर त्याची झडती घेतली ना," लहानू म्हणाला. "पिस्तूल काढून घेतलं. अडकित्ता कसा ठेवतील?"

सरुबाईने टोपली उचलली. मुद्दा बिनतोड होता. ती मला घेऊन निघून गेली.

त्यानंतरचे दोन महिने माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे. मी मोगऱ्याच्या टोपलीशेजारी ओल्या फडक्याच्या कडेला पडून असे. सरुबाई मध्येच हात पुसून माझी आधीची पाने चाळायची, पुटपुटायची, आणि लेकीच्या शाळेच्या वहीच्या कोऱ्या कागदांवर पेन्सिलीने लिहायची. न पटलेले थुंकी लावून खोडायची. एकदा अडतिसाव्या पानावर तिचे बोट थांबले. तिथे लिहिले होते की जग्गूचे सुपारीवाचून घडीभर चालत नसे. सरुबाई एवढ्या मोठ्याने हसली की समोरचे गिऱ्हाईक दचकले.

तिने लिहिलेले असे होते. झडतीत जग्गूनेच अडकित्ता काढून घेतला आणि कुणाला न सांगता स्वतःकडे ठेवला. रात्री दाराशी बसून तो सुपारी कातरू लागला. पण अडकित्ता नवा होता, खिळा घट्ट होता, सुपारी फुटेना. सुदेश म्हणाला, "बाबा, त्याला तेल पाज, लोण्यासारखा चालेल." जग्गू दार उघडेच टाकून तेल आणायला वर गेला आणि अडकित्ता तिथेच राहिला. सुदेश लोळत लोळत तिथवर गेला, पाठीमागे बांधलेल्या हातांनी त्याने अडकित्ता धरला आणि दोराचा एकेक पीळ कातरला. कातरताना मनगटही कापले. सत्त्याण्णवाव्या पानावरची पट्टी आठवते ना? ती तिच्या बरोबर ध्यानात होती.

सोळा पाने भरल्यावर तिने ती माझ्या मापाने कापली, दुबार आलेला फर्मा सोडवला आणि तिथे आपली पाने गजऱ्याच्या सुईने आणि दोऱ्याने शिवली. सुई टोचली तेव्हा दुखले थोडे. पण आयुष्यात पहिल्यांदाच मला पोट भरल्यासारखे वाटले.

मोतीरामांना आधी राग आला. पुस्तकात पेन्सिल! मग त्यांनी उभ्या उभ्या ती पाने वाचली आणि मला परत कपाटात ठेवले. लहानूने तर ओट्यावर जाहीरच केले, "आपण हरलो बुवा." मग मला न्यायला वाचकांचा नंबर लागेना. देवळाली गावातूनही वाचक मला मागायला येऊ लागले. परत देताना जो तो आधी ऐंशीव्या पानापुढचेच बोलायचा.

पण मोतीराम नियमाचे पक्के. एकदा ते सरुबाईला म्हणाले, "तुम्ही छान लिहिलंत. पण खरी पानं मिळाली की ही काढून ती शिवावी लागतील. लेखकाचं ते लेखकाचं."

"काढा की," सरुबाई म्हणाली. "माझं काय जातंय?" पण तिच्या हातातला गजरा तिथेच थांबला होता. हिशेब आणि पत्ते सोडले तर जन्मात तिने पहिल्यांदाच काही लिहिले होते. तिचे काय जात होते ते मला पुरते ठाऊक होते.

आणि १९७९ साली खरी पाने आली. वाचनालयाला पाच वर्षे झाली म्हणून मोतीरामांनी माझ्या लेखकालाच बोलावले. शिरसाठ एसटीने आले. बारीक, दमलेला माणूस, बोटाला शाई आणि बगलेत पिशवी. मोतीरामांनी पत्रात विनंती केली होती, म्हणून छापखान्यातून शोधून सहावा फर्मा त्यांनी बरोबर आणला होता. ओट्यावर चाळीस माणसे दाटीने बसली होती. सरुबाई हार घेऊन आली होती आणि सगळ्यांच्या मागे टोपली धरून उभी होती.

"वाचून दाखवा साहेब!" लोक म्हणाले.

शिरसाठ वाचू लागले. घाटात वादळ झाले. बंगल्यावर वीज पडली. भिंत कोसळली ती नेमकी जग्गूवर. तिच्या धारदार विटेने सुदेशचा दोर आपोआप तुटला. तो धावत बाहेर आला तर दुष्टांच्या जीपमध्ये किल्ली तशीच होती. वाचन संपले तेव्हा कुणी टाळी वाजवली नाही. लोक एकमेकांकडे बघत राहिले.

मग लहानू उठला, नशिबाचा एवढा मोठा भक्त. तो म्हणाला, "साहेब, ते वीज वगैरे ठीक हाय. पण अडकित्त्याचं काय झालं?"

"कोणता अडकित्ता?" माझे लेखक म्हणाले.

ओट्यावर हसण्याचा असा स्फोट झाला की कपाटाची काच थरथरली. मोतीराम ओशाळले आणि त्यांनी मला लेखकाच्या हातात दिले. शिरसाठ सरुबाईची पाने वाचू लागले. हसू विरले. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. सरुबाई खाली मान घालून टोपलीतली फुले उगीचच सारखी करत होती.

शेवटचे पान संपल्यावर त्यांनी शिवणीवरून बोट फिरवले. मग त्यांनी विचारले, "हे कुणी शिवलं?"

"म्या," सरुबाई म्हणाली. 

"सुई-दोरा आहे का जवळ?"

तिला वाटले, आता आपली पाने निघणार. तिने पदराला टोचलेली सुई काढली, टोपलीतला दोरा ओवला आणि पुढे येऊन दिला.  पण शिरसाठांनी खरी पाने उचललीच नाहीत. खालचा टाका सैल झाला होता. त्यांनी तो शाईच्या बोटांनी, वेडावाकडा का होईना, घट्ट केला आणि गाठ मारली. मग खिशातले पेन काढून एक्याऐंशीव्या पानाच्या डोक्यावर लिहिले:

"पाने ८१ ते ९६ सरुबाई यांनी लिहिली. मूळ लेखक अडकित्ता विसरला होता."

खाली त्यांनी सही केली. छापलेला फर्मा सरुबाईच्या हातात देऊन ते म्हणाले, "बाई, महिन्याला एक लिहायची म्हणजे शेवटी शेवटी वीजच पाडावी लागते. यात आता फुलं बांधा."

"नाय साहेब," ती म्हणाली. "फुलं ओली असत्यात, शाई लागंल त्यास्नी." मग तिने हार शिरसाठांच्या गळ्यात घातला आणि डोळे पुसत हसली. आता टाळ्या पडल्या. त्या मी आजही विसरलेले नाही.

मित्रांनो, त्याला आता सात-आठ वर्षे होऊन गेली. घरोघरी टीव्ही आले. संध्याकाळी ओट्यावर गर्दी होत नाही. मला महिनामहिना कुणी नेत नाही, पण मला खंत नाही. दर दसऱ्याच्या आधी सरुबाई येते, माझा दोरा तपासते आणि सैल दिसला तर नवा घालते. आता ती बोट न ठेवता वाचते. कधीकधी वाटते, आक्काबाईचा हात चुकला ते माझे नशीब. तो चुकला नसता तर मी इतर हजार प्रतींसारखी विजेच्या भरवशावर सुटले असते आणि कधीच रद्दीत गेले असते. पण तिने सोडलेली जागा नशिबाने भरली नाही. ती भरायला कुणाला तरी दोन महिने टोपलीशेजारी बसावे लागले.

तुमच्याकडे माझे एवढेच मागणे आहे. पान निसटलेले पुस्तक हाती आले तर लगेच रद्दीच्या तराजूत टाकू नका. आधी सुई-दोरा शोधा. मग पहिल्या पानापासून पुन्हा नीट वाचा आणि बघा, अडकित्ता कुठे राहिला आहे.