सुनेचा खुराक

शेळीनं गाभ धरावा म्हणून आधी तिला मूठभर मका जास्त घालायचा, हे वेल्ह्याच्या डोंगरात जन्म काढलेल्या सोजराबाईंना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. सून वैष्णवीला मूल होईना, पाळीही महिनोन्‌महिने येईना, तेव्हा त्यांनी तोच उपाय केला. सकाळी डिंकाचा लाडू, दुपारी भातावर तुपाची धार, निजताना साखर घातलेलं दूध. वैष्णवी आधीच अंगानं भरलेली. ती नको नको म्हणायची, पण सासूच्या मायेपुढे बिचारीचं काय चालणार!

अंग आणखी सुटलं, पाळी आली नाही. मानेवर काळपट पट्टा उमटला. सोजराबाई घाबरल्या आणि तिला घेऊन नसरापूरला डॉक्टर शेफालींकडे गेल्या.

रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाल्या, "आजी, चरबी नुसती साठून बसत नाही, अंगभर निरोप धाडते. पोट भरल्याचा निरोप ती मेंदूला देते. पण चरबी फार झाली की मेंदू त्या निरोपाला दाद देईनासा होतो. साखर आत घ्यायला मदत करणारा दुसरा निरोप कमी पडतो. मग इन्सुलिननं कितीही हाका मारल्या तरी शरीर नीट ऐकत नाही. ते आणखी इन्सुलिन सोडतं आणि त्यात पाळी बिघडते. थोडं वजन उतरलं तरी पुष्कळ जणींचं सुधारतं. उपाशी राहू नका, गोड सोडा, चाला."

सोजराबाईंना त्यांची कबरी शेळी आठवली. लाडानं इतकी माजवली की बोकड दाखवूनही गाभण राहिली नव्हती.

"आगं बाई! रोडक्या शेळीचा खुराक म्या भरल्या अंगाच्या सुनंला घातला!" त्यांना रडूच फुटलं.

वैष्णवीनं त्यांचा हात धरला. "आत्या, तुमी मायेनंच केलं न्हवं?"

"व्हय. पर तुज्याकडं बगायचंच ऱ्हायलं, पोरी."

त्या दिवसापासून लाडू बंद झाले. भाकरी, उसळ, पालेभाजी सुरू झाली. वैष्णवी शेळ्यांमागे डोंगर चढू लागली आणि सोजराबाई काठी टेकत तिच्यामागे. शेजारच्या फुलाबाई खोचकपणे म्हणायच्या, "सुनंला वाळवताय व्हय?" सोजराबाई ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या.

दिवाळीच्या सुमारास एका सकाळी वैष्णवी धावत ओट्यावर आली. "आत्या, पाळी आली!"

वाडीत ही गोष्ट बायका मान खाली घालून, कुजबुजत सांगायच्या. सोजराबाईंनी सुनेला उराशी धरलं आणि त्या हसता हसता रडू लागल्या.

फुलाबाई कुडावरून डोकावल्या. "काय वो, दिवस गेलं का काय?"

"न्हाई!" सोजराबाई साऱ्या वाडीला ऐकू जाईल असं ओरडल्या. "पाळी आली माज्या पोरीला!"